म्हाताऱ्या आंब्याचा घेर कमी होतोय. असं होतं का?

गुळाची_वही (एप्रिल 2025)

नमस्कार मंडळी. मोबाईलवर बोलून टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तुम्हाला त्यातली गोम कळायची नाही.

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या शिवारात नदीच्या अंगाला आमचं रान आहे. बांधावर एक रायवळ आंबा आहे. घरात त्याला शेपू म्हणतात, कारण पिकला की रसाला शेपूच्या भाजीचा वास मारतो. पोरांना आवडत नाही. मला आवडतो, पण त्यात माझं काही कौतुक नाही, लहानपणी दुसरा आंबा बघितलाच नव्हता. वय कुणालाच नक्की माहीत नाही. आजोबा सांगायचे की त्यांच्या वडलांनी प्लेगाच्या वेळी गाव सोडून याच झाडाखाली छपर टाकलं होतं. म्हणजे तेव्हाच ते सावली देण्याएवढं होतं. शंभरीच्या पुढं आहे हे नक्की.

झाडाला लागून आमचं गुऱ्हाळ होतं. 2019 च्या पुरापर्यंत चाललं. त्या पुरात शेड आडवं झालं, कायली निम्मी गाळात गेली, आणि मग परत उभं करायची उमेद झाली नाही. आता ऊस कारखान्याला जातो.

मोजायला सुरुवात झाली ती पैजेवरनं. 1991 ची गोष्ट, मी 27 वर्षांचा. आमच्याकडं एक गुळव्या यायचा, पाक बघण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही, पण बोलायला फार. शेपूच्या बुंध्याला नदीकडच्या बाजूनं ढोली आहे, तेव्हाही होती. गुळव्या म्हणाला, "पोकळ झाड वाढत नसतंय. वरनं हिरवं दिसतंय एवढंच." वडील म्हणाले वाढतंय. हा नाही म्हणतोय, ते होय म्हणतायत, इकडं आधण उतरायची वेळ झाली तरी थांबेनात. शेवटी पाच किलो गुळाची पैज लागली. मी छातीच्या उंचीला चार इंची खिळा ठोकला, इंचभर बाहेर ठेवला, त्याच्यावरनं सुतळी फिरवली आणि ती सुतळी शिंप्याच्या टेपवर मोजली. 10 फूट 7 इंच. गुऱ्हाळाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. तो पाडव्याचा दिवस होता, वही नवीन होती.

पुढच्या पाडव्याला परत मोजलं तर पाऊण इंच जास्त. गुळव्या म्हणाला सुतळी सैल धरलीस. पैज पुढच्या वर्षावर गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असं करत गुळव्या गुऱ्हाळ सोडून गेला, वडील 2008 ला गेले, आणि मी मात्र दर पाडव्याला गुढी उभी केली की सुतळी घेऊन शिवारात जातोच. बायको म्हणते, कुलदैवताला एवढं नेमानं गेला असता तर बरं झालं असतं.

वहीतले काही आकडे देतो, सगळे देत बसत नाही:

1991: 10 फूट 7 इंच
1999: 11 फूट 1 इंच
2003: 11 फूट 3 इंच (या वर्षी खिळ्याचं डोकं पण सालीत गेलं, पुढं अंदाजानं छातीला धरून)
2010: 11 फूट 7 इंच
2018: 11 फूट 10 इंच
2020: 11 फूट 9 इंच
2022: 11 फूट साडेआठ इंच
2025: 11 फूट 8 इंच

2020 चा पाडवा म्हणजे लॉकडाऊनचा पहिला दिवस. शिवारात चिटपाखरू नव्हतं. एक इंच कमी आला तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं असेल, एकट्यानं सुतळी धरायची म्हणजे एक टोक दगडानं दाबून फिरावं लागतं. पण त्यानंतर उतारच लागलाय.

झाडाची बाकी हकीकत अशी. 2019 चं पाणी आठवडाभर बुंध्याला होतं, फांद्यांत अडकलेलं चिपाड पुढं दोन वर्षं लोंबत होतं. त्यानंतरच्या हंगामात मोहरच नाही. 2021 च्या सुरुवातीला इतका मोहर की पानं दिसेनात, आणि त्याच वर्षी जुलैला परत महापूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट धरतात, या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, तर आमचं रान कुठं राहिलं असेल बघा. 2022 च्या मे महिन्यात भर दुपारी पश्चिमेकडची मांडीएवढी फांदी उतरली. वारा नाही, पाऊस नाही, मी पलीकडं चारा कापत होतो, कडाड आवाज झाला आणि खाली. तेव्हापासून मोहर फक्त नदीकडच्या निम्म्या झाडाला येतो. ढोलीत पिंगळ्यांचं जोडपं आहे, ते मात्र कुठं गेलेलं नाही.

आता अडचण. सातबाऱ्यावर माझं आणि चुलत भावाचं, दोघांचं नाव आहे. तो म्हणतो झाड वाळायला लागलंय, लाकूड चांगलं आहे तोवर विकून टाकू. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्याच वहीत बघ की. घेर उतरतोय म्हणजे जीव उतरतोय." चौतीस वर्षं मी लिहिलेली वही, आणि तिनंच माझ्यावर उलटी साक्ष दिली. मला बोलता येईना.

आणि दुसरं एक, हे भावाला सांगितलेलं नाही. यंदा नात बरोबर होती. तिनं सालीतल्या एका खळग्यात बोट घातलं आणि म्हणाली, "आबा, झाडाला बेंबी हाय." बघतो तर माझ्या खिळ्याची जागा. आत बोटाला लोखंड लागलं. पण तो खिळा मी छातीला ठोकला होता, आणि आता खळगा माझ्या कमरेच्या पट्ट्याला आलाय. मला तर वाटायचं झाडाबरोबर खिळा वर जात असेल. हा खाली कसा आला?

झाड खचतंय का? आणि जिवंत झाडाचा घेर खरोखर कमी होतो का? जाणकारांनी सांगावं. भावाला द्यायला उत्तर पाहिजे, पण माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका.

---

उद्यमनगर_लेथ

झाडातलं मला कळत नाही. मोजण्यातलं कळतं, 30 वर्षं लेथवर गेलीत.

एक सांगा, 2025 ला पण सुतळीनंच मोजलं का? मधे टेप बदलली असणार, असा माझा संशय आहे. कारण सुतळीला जाडी असते. 3 मिमीची सुतळी गोल वस्तूला गुंडाळली की तुम्ही वस्तूचा घेर मोजत नाही, सुतळीच्या मध्याचा घेर मोजता. फरक किती पडतो, तर 3 गुणिले 3.14, म्हणजे साडेनऊ मिमीच्या आसपास. आमच्या भाषेत तीन सूत. चपट्या टेपला हा फरक जवळजवळ नसतोच. म्हणजे ज्या वर्षी सुतळी सोडून टेप धरली त्या वर्षी झाड बसल्या जागी तीन सूत बारीक झालं.

आणि ती शिंप्याची टेप 1991 ची असेल तर ती ताणून लांब झाली असणार. लांब झालेली टेप कमी दाखवते. एक मोजमाप, एक हत्यार. हत्यार बदललं की एक वर्ष दोन्हींनी मोजायचं आणि फरक लिहून ठेवायचा. आमच्यात नवीन पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

---

गुळाची_वही

भले. 2022 ला बदलली. मुलगा बांधकाम साईटवर आहे, त्यानं फायबरची 30 मीटरची टेप दिली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण मग 2018 ते 2020 चा एक इंच? तेव्हा सुतळीच होती.

---

बांधावरचा

काका, तुमची उंची मोजली का मधल्या काळात? छातीला धरून मोजताय म्हणताय, छाती खाली आली असेल. 😄

---

निवृत्त_कृषी

वरच्यांनी चेष्टा केली, पण धागा बरोबर पकडलाय. फक्त छाती खाली आलेली नाही, जमीन वर आली आहे.

पाव्हणं, खिळा कधीच वर जात नाही आणि खालीही जात नाही. झाड उंच वाढतं ते शेंड्यांकडून, बुंधा फक्त जाड होतो. पाच फुटांवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनी पाच फुटांवरच असतो. हे मी शाळेतल्या पोरांना सांगायचो तर मास्तरांनाही पटायचं नाही. तेव्हा खिळा जर जमिनीला जवळ आला असेल तर एकच अर्थ निघतो, जमीन खिळ्याजवळ गेली. नदीकाठचं रान, त्यात 2005, 2019, 2021. प्रत्येक पूर गाळ ठेवून जातो, आणि बांधाला झाड आडवं असलं की तिथं जास्त ठेवतो.

त्यावरून घेराचंही उत्तर मिळतं. बुंधा खाली रुंद, वर निमुळता. जमीन फूटभर वर आली आणि तुम्ही त्याच छातीच्या उंचीला मोजलंत, तर खरं तर तुम्ही झाडावर फूटभर वर मोजताय. तिथं ते बारीक असणारच.

आता काळजीची गोष्ट. घेर उतरल्याची नव्हे, या मातीचीच काळजी करा. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरात असतात, त्यांना हवा लागते. त्यांच्यावर फूटभर भर पडली की ती गुदमरतात. बुंध्याच्या सालीला कायम ओली माती लागून राहिली की साल कुजते, बुरशी शिरते. वरची फांदी वाळणं, एका बाजूला मोहर न येणं, याची सुरुवात बऱ्याचदा तळातून होते. मे मधली फांदी मात्र वेगळी. कडक उन्हात, वारा नसताना मोठी फांदी तुटते हे जुन्या झाडांत होतं, तेवढ्यावरून झाड गेलं असं समजू नका.

काय कराल:

खिळ्यापासून खाली अंदाज घ्या आणि बुंध्याभोवतीची भर हातानं काढा. खुरप्यानं, कुदळीनं नव्हे. जेसीबी तर झाडाच्या आसपास पण नको. मुळांचा पसारा सुरू होतो तो भाग, जिथं बुंधा पायासारखा फाकतो, तो उघडा दिसेपर्यंत. एका दिवसात सगळं उघडं करू नका, कोवळी साल उन्हानं भाजते. टप्प्यानं.

सालीला भुसा पडलेला किंवा डिंक गळताना दिसला तर भिरूड आहे. तारेचा हूक घालून अळी ओढून काढा, भोक शेणमातीनं लिंपा. कुजलेली साल धारदार चाकूनं निरोगी भागापर्यंत साफ करा आणि बोर्डो पेस्ट लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लोखंडी भांड्यात कालवू नका, प्लास्टिकची बादली घ्या.

ढोली सिमेंटनं भरायची नाही. पूर्वी आम्हीही भरायला सांगायचो, ती चूक होती. सिमेंट आणि लाकूड वेगवेगळं हलतं, मधे पाणी साचतं आणि कूज वाढते. झाड जखम बरी करत नाही, ती आतून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. मधलं लाकूड मेलेलंच असतं. जिवंत काय ते सालीखालचं. म्हणून पोकळ झाड वाढतं. तुमचे वडील पैज जिंकले होते.

एक विचारायचं राहिलं. गुऱ्हाळाची राख कुठं टाकायचा?

---

गुळाची_वही

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हात थंड पडले. झाडाखालीच टाकायचो. चुलवाणातली राख, मळी, कुजकं चिपाड. सावलीला बैल बांधायचो, तिथं राख पसरली की गोचीड कमी होतात असं वडील म्हणायचे.

---

पानगळ

काका, मी शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला आहे. तुमची वही वाचून सरांना दाखवली, तर ते म्हणाले चौतीस वर्षांची एका झाडाची नोंद त्यांच्याकडंही नाही.

दोन गोष्टी वरच्या उत्तरांना जोडते. झाडाचा घेर दिवसाभरातही कमी-जास्त होतो. उन्हात पानांतून पाणी जास्त जातं, बुंधा किंचित आवळतो, रात्री परत फुगतो. पण ते केसाएवढं असतं, इंचाच्या हिशेबात धरू नका. फक्त मोजायचं तर सकाळी मोजा, दरवेळी एकाच वेळेला.

दुसरं, पाडवा तिथीनं येतो. 2023 ला तो 22 मार्चला होता, 2024 ला 9 एप्रिलला. घेराला अठरा दिवसांनी फार बिघडत नाही, पण मोहर, पालवी, कैरी यांच्या नोंदी तुम्ही पाडव्याच्या पानावर लिहीत असाल तर तारीख पण लिहा. नाहीतर 'पाडव्याला कैरी सुपारीएवढी' या वाक्यातून पुढच्या माणसाला काहीच काढता येणार नाही. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात एक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फूल, फळ किती ते नोंदवतात. आंबा त्यांच्या यादीत आहे. तुमच्या नातीला आवडेल.

उंचीचा मापदंड 1.37 मीटर आहे, साधारण साडेचार फूट. पण तुमच्या झाडाला तो लावू नका, तुमचा खिळाच धरा. एकाच झाडाला स्वतःशी ताडून बघायचं असेल तर जागा तीच राहणं महत्त्वाचं, जगाशी जुळणं नाही. खिळ्याच्या उंचीला रंगाचा बारीक पट्टा मारा.

आणि सालीचं पण बघा. जुन्या आंब्याची साल खपल्यांनी सुटते. टेपखाली एका वर्षी खपली असली आणि पुढच्या वर्षी ती पडली, तरी आकडा हलतो.

---

नियमांचं_बोला

झाड तोडायचा प्रश्नच येत नाही. 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज आहे, 2021 चा कायदा. भावाला नोटीस काढा.

---

निवृत्त_कृषी

सबुरीनं. ती 2021 ची दुरुस्ती शहरी भागातल्या झाडांच्या 1975 च्या कायद्यात झाली. चिखलीच्या रानाला ती लागू होत नाही. शेतातल्या झाडाला 1964 चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा आहे, म्हणजे परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण चुलत भावांच्या बांधावर नोटिशीची भाषा आणू नका. झाड वाचेल आणि बांध फुटेल.

---

राधानगरी_रोपं

भाऊ, माझी छोटी रोपवाटिका आहे. सगळे झाड वाचवायचं बोलताहेत, ते कराच, पण शेपूचं कलम करून ठेवा आधी. झाड उद्या राहील न राहील.

कोय लावून शेपू मिळेलच असं नाही. रायवळची कोय म्हणजे पोटची पोर, आईसारखी असेलच कशी. आईच पाहिजे असेल तर काडी लागते. आत्ता एप्रिल आहे. जून-जुलैत कोय कलम करायचं: कोय रुजून रोप दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळं असताना त्यावर तुमच्या झाडाची काडी बांधायची. काडी तीन-चार महिन्यांची, शिसपेन्सिलीएवढी, शेंड्याचा डोळा फुगलेला. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं काढायची, देठ तेवढे ठेवायचे. जुन्या झाडाला असल्या काड्या कमी मिळतात, उंचावर मिळतात. नदीकडच्या, मोहर येणाऱ्या बाजूच्याच घ्या.

एकाला वीस करा. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या झाडाच्या वीसांतली पाच-सहा लागली तरी नशीब.

---

गुळाची_वही (जून 2025)

मंडळी, उशीर झाला. यंदा मे मध्येच पाऊस उतरला, त्याच्या आत काम उरकायचं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी, मुलगा आणि एक शेतमजूर, तिघं बसून उकरलं. चार दिवस लागले. खुरपं आणि हात. एखाद्या जुन्या घराचा पाया खणतोय असं वाटत होतं. वर शेडच्या भिंतीची माती आणि कौलाचे तुकडे. मग पिवळट गाळ, बोटभर बोटभर थर, हातात घेतला की वहीच्या पानांसारखा सुटणारा. त्याखाली काळी राख. नुसती राख, वीतभर, ती दगडासारखी बसलेली. राखेत चिपाड, बैलाच्या गळ्यातली एक घुंगराची पट्टी, आणि पाक ढवळायच्या फावड्याचा मोडका दांडा. त्याच्याही खाली खरी माती लागली. तिथनं खळग्यापर्यंत मोजलं तर 4 फूट 2 इंच, म्हणजे 1991 ची माझी छाती बरोबर. वरनं मोजलं तर 3 फूट. चौदा इंच भर.

त्यातला गाळ नदीचा, पण निम्म्याच्या वर आमचं स्वतःचं होतं. नदीला बोल लावून मोकळं होता येईना.

कृषीवाल्या साहेबांनी सांगितलं तसा बुंधा फाकलेला दिसला. नदीकडनं पाय चांगले आहेत, घट्ट. पश्चिमेकडचा एक पाय मऊ लागला, साल बोटानं निघून आली, आत तपकिरी आणि आंबूस वास. वर फांदी तुटली ती हीच बाजू. भिरुडाची भोकं दोन सापडली. एकीतनं अळी निघाली, माझ्या करंगळीपेक्षा जाड, पांढरी. दुसरी रिकामी होती. साल साफ केली, बोर्डो लावलं, प्लास्टिकच्या बादलीत. ढोलीला हात लावला नाही. पिंगळे दिवसभर आमच्याकडं डोळे वटारून बघत होते.

आता घेर. लेथवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणं दोन्ही हत्यारं नेली. खळग्यावरनं फायबर टेपनं 12 फूट 1 इंच. सुतळीनं 12 फूट 1 इंच आणि वर तीन सूत, साडेतीन म्हणा. तुमचं गणित सुतात जुळलं, मी दोनदा मोजलं. नेहमीच्या छातीला, म्हणजे चौदा इंच वर, टेपनं 11 फूट 8 इंच. एवढ्याशा अंतरात पाच इंचांचा फरक आहे, इतकं ते खाली फाकलंय हे मला एवढ्या वर्षांत डोळ्यांनी कधी दिसलं नव्हतं.

म्हणजे खिळ्याच्या जागी 2003 ला 11 फूट 3 आणि आज 12 फूट 1. वाढलंय. पण पानगळ ताईनं फोनवर हिशेब मांडून दाखवला तो पण लिहितो. 1991 ते 2003, बारा वर्षांत आठ इंच. त्यानंतर बावीस वर्षांत दहाच्या आतबाहेर. आणि ते दहा पण बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतले. म्हणजे भावाचं सगळंच खोटं होतं असं नाही. झाड थकलंय. फक्त वही ज्या कारणानं म्हणत होती त्या कारणानं नाही.

भावाला बोलावून खड्ड्यापाशी उभं केलं. राखेचा थर दाखवला, पाय दाखवला, आकडा सांगितला. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता पाघळला. मग म्हणाला, "बारा फूट? मग तर लाकूड आणखी जास्त निघंल." पण जाताना त्यानं त्याच्या ट्रॉलीतनं ती काढलेली राख-माती स्वतः भरून नेली, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत विषय काढत नाही म्हणाला. तेवढं पुष्कळ झालं.

बांधावरचे भाऊ, तुमच्यासाठी: उंची मोजून घेतली. 1986 ला भरतीला गेलो होतो तेव्हा 5 फूट 6 होतो, आता 5 फूट 5 भरलो. एक इंच तुमचा.

गुळव्याचा नंबर मिळवला. ऐंशीच्या घरात आहे, कानानं कमी ऐकतो. मी ओरडून सांगितलं, शेपू बारा फूट एक इंच भरला, पैज हरलास. पलीकडनं थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "सुतळी कुणी धरली हुती?" गूळ मागायचं धाडस झालं नाही.

राधानगरी ताई, नदीकडच्या बाजूच्या चोवीस काड्या निवडून काल पानं कापलीत, देठ ठेवलेत. पाऊस थांबत नाही. ओल्या काड्या चालतील का, आणि कधी आणू?

---

राधानगरी_रोपं

बाहेरनं भिजलेल्या चालतात, फक्त बांधायच्या आधी पुसून कोरड्या करायच्या. नवव्या दिवशी भल्या सकाळी कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, वरनं प्लास्टिक नको. दुपारच्या आत माझ्याकडं पोचा, कोया रुजून तयार आहेत. आणि नातीला घेऊन या, बांधायला बारीक बोटं लागतात.